मे महिन्यात नवी पेठ एवढी रिकामी का?

पार्कचौक

मे महिन्यातल्या नवी पेठेबद्दल बोलायचं आहे. मी मूळची सोलापूरची, लग्नानंतर ठाण्यात. मुलांना सुट्टी लागली की माहेरी येते आणि पेठेत खरेदी होतेच. परवा रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास पार्क चौकातून आत शिरले तर अख्ख्या रस्त्यावर माणूस दिसेना. दुकानं बंद होती म्हणावं तर तसंही नाही, निम्मीअधिक उघडीच होती. उन्हाच्या बाजूची शटरं अर्ध्यावर ओढलेली, दारात ताडपत्री सोडलेली, आत गादीवर मालक पेपर वाचत बसलेले. दिवाळीच्या आधी याच रस्त्यावर मुलाचा हात सोडायची भीती वाटते.

घरी आल्यावर आई म्हणाली, "एवढ्या उन्हात बाजारात कोण मरायला जातंय?" पटलं, पण पुरतं नाही. संध्याकाळी सातला भावाबरोबर परत गेले तेव्हाही गर्दी बेताचीच होती. पूर्वी सुट्टीत आम्ही बहिणी-बहिणी संध्याकाळी नुसत्या फिरायला यायचो, घ्यायचं काही नसलं तरी. चपला, बांगड्या, रुमाल बघत मेकॅनिक चौकापर्यंत जायचं, भागवतला कुठला सिनेमा लागलाय ते बघायचं आणि घरी. ते फिरणं आता दिसत नाही.

इथे पेठेत दुकान असलेले, पूर्व भागात राहणारे, पुण्याला गेलेले असे सगळेच आहेत. मे महिना दरवर्षी असाच जातो, की पेठ खरोखर उतरणीला लागली आहे? काळजी वाटते म्हणून विचारते.

वळीव

दुपारपुरतं तुमच्या आईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. सोलापूर १७.७ उत्तर अक्षांशाच्या जवळपास आहे, म्हणून १० मेच्या आसपास भर दुपारी सूर्य आपल्या बरोबर माथ्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा इमारतींच्या कडेनं चालायला सावलीची पट्टी मिळते. मे महिन्यात बारा-साडेबाराला ती कुठल्याच बाजूला मिळत नाही.

आणि तापमानाचा कळस बाराला नाही, अडीच-तीनला येतो. आधी जमीन तापते, मग तिच्यामुळे हवा तापते, तेवढा वेळ मध्ये जातो. तुम्ही नेमक्या त्या वेळेला गेलात. ४२-४३ अंश आपल्याकडे मे महिन्यात नवलाची गोष्ट नाही. आपत्ती व्यवस्थापनवाले बारा ते तीन बाहेर पडू नका म्हणून सांगतात ते उगीच नाही.

सातला गर्दी नव्हती त्याचंही कारण यातच आहे. डांबर, काँक्रीट आणि पत्रे दिवसभर प्यालेली धग सूर्य मावळल्यावर दोन-तीन तास सोडत राहतात. माणसं घरातून निघतात साडेआठला, आणि तोवर दुकानदार आवरायला लागलेला असतो.

लकीचौक

माझं पेठेत कापडाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. पार्कचौकताई, तुमच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत, ती वेगवेगळी धरा.

पहिलं म्हणजे आमच्या धंद्याचं वर्ष. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावर गड्डा म्हणजे त्या यात्रेची जत्रा, तेव्हा खेड्यापाड्यातून माणूस येतो. मार्च-एप्रिलमध्ये लग्नाचे बस्ते. एका बस्त्याला वीस-पंचवीस माणसं टेम्पो करून येतात, सकाळी गादीवर बसली की संध्याकाळी उठतात. अक्षय्य तृतीयेपर्यंत मोठे बस्ते उरकलेले असतात. मग मे महिना सुस्त. जूनच्या पहिल्या आठवड्यात वह्या, गणवेश, दप्तरं, रेनकोट यांनी पेठ पुन्हा जागी होते. माझे वडीलही मे महिन्यात दुपारी दुकानात झोपायचे. तेव्हा मे रिकामा म्हणून पेठ संपली असं नाही.

दुसरं उत्तर मला जड जातं. २०२० आणि २०२१ असे दोन मे महिने लॉकडाऊनमध्ये गेले. दोन लग्नसराया बुडाल्या. तेवढ्यात गिऱ्हाइकाला मोबाईलवर मागवायची सवय लागली आणि त्यातलं थोडंच परत आलं. शिवाय गाव पसरलं. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडला राहणाऱ्याला तिथंच सगळं मिळतं. तो पेठेत येतो तेव्हा गाडी कुठं लावायची हा पहिला प्रश्न. दहा मिनिटं उन्हात फिरून जागा मिळाली नाही की माणूस चिडून निघून जातो. माझ्या डोळ्यांसमोर जातो.

हुतात्माएक्स्प्रेस

आमच्या वर्गातली निम्मी पोरं पुण्यात आहेत. इंजिनिअरिंग झालं की पुणं, नाही झालं तरी पुणं. फिरायला पेठेत यायचं वय म्हणजे अठरा ते अठ्ठावीस. तेच वय गावात नाही, तर संध्याकाळी फिरणार कोण? आयटीवाल्याला मे महिन्याची सुट्टी नसते. दिवाळीला चार दिवस, गड्ड्याला जमलं तर दोन दिवस, एवढंच सोलापूर वाट्याला येतं. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालेल्या डब्यातली तरुण तोंडं बघा, म्हणजे पेठेत कोण दिसत नाही ते कळेल.

मला पेठेची आठवण येते. पण आठवणीनं दुकानदाराचं भाडं निघत नाही, हेही कळतं.

शेंगापोळी

अजून एक कारण कुणी लिहिलं नाही. पाणी! आमच्याकडं चार-पाच दिवसांआड नळ येतो आणि मे महिन्यात वेळेचा भरवसा नसतो. पाण्याच्या दिवशी घरातली बाई दार सोडू शकत नाही. टाकी भरायची, पिंप भरायचं, हंडे-कळशा भरायच्या, वरच्या मजल्यावर मोटार लावायची, शेजारणीचं भरलं का बघायचं. संध्याकाळी पाच म्हणून सांगितलेलं पाणी नऊला येतं. उजनी धरण भरलेलं असो नाहीतर त्यातला साठा उणे गेलेला, आमच्या नळाचं वेळापत्रक काही बदलत नाही. बाजाररस्ता बायकांच्या पायावर चालतो हो. त्या नळाला बांधलेल्या असतील तर पेठ रिकामीच दिसणार.

लकीचौक

शेंगापोळीताई, एवढी वर्षं गल्ल्यावर बसून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता आठवतंय, "आज पाणी येणारंय, लवकर दाखवा" असं गिऱ्हाईक म्हणतं खरं.

मागावरून

पूर्व भागातनं लिहूलालोय. अशोक चौक, साखर पेठ, दाजी पेठ, भवानी पेठ हा आमचा भाग. इथला टॉवेल-चादरीचा कामगार आठवड्याला पगार घेतो, त्याचा बाजार बी आठवड्याचा आणि जवळचा. नवी पेठेत तो वर्षातनं दोनदा येणार. लग्नाला आणि दिवाळीला.

मे महिन्यात आमच्यातली लई घरं तेलंगणात गेलेली असतात. पद्मशाली समाजाची सोयरीक तिकडं, लग्नं तिकडं, आजोळ तिकडं. पोरांची सुट्टी म्हणजे करीमनगर नायतर मेहबूबनगर साइडचं एखादं गाव. गल्लीत निम्म्या दारांना कुलूप असतंय. कारखानदार बी म्हणतो, जा बाबा, नायतरी माल उचल नाय.

आमच्या वडिलांच्या टायमाला गिरण्या होत्या. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी. जुनी मिल १८७७ ला चालू झालेली, त्यावरच हे गाव वाढलं. गिरणीचा पगार झाला की नवी पेठ फुल्ल, मग मे असू दे नायतर श्रावण. गिरणीतला माणूस पर्मनंट, त्याला महागाई भत्ता, त्याला बोनस. दुकानदार त्याला उधार द्यायचा, कारण पैसा येणार हे ठाऊक होतं. आताच्या कामगाराला पुढच्या आठवड्यात काम हाय का नाय ते ठाऊक नाय. उन्हाचं ऊन तेच हाय. खिशातला पैसा बदलला.

वळीव

मागावरून, हे फार मोलाचं लिहिलंत. भोंगा झाला की रस्ता भरायचा, ते मीही लहानपणी पाहिलं आहे.

भुईकोट

थोडं मागं जातो, विषयाला धरूनच. मे महिन्यातले ओस रस्ते या गावानं १९३० सालीही पाहिले, आणि ते सुट्टीमुळे नव्हते. ५ मेला गांधीजींना अटक झाली. बातमी येताच गिरणी कामगार बाहेर पडले, हरताळ झाला, ८ मेला गोळीबार झाला. त्यानंतर दोन-तीन दिवस इंग्रजांचं राज्य या शहरात नावालाही उरलं नाही. मग १२ मेला मार्शल लॉ पुकारला तो ३० जूनपर्यंत राहिला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. पार्कचौकताई, तुम्ही ज्या चौकातून पेठेत शिरलात तिथले चार पुतळे त्यांचेच, आणि वर ज्या गाडीच्या नावानं एक जण लिहितात ती गाडीही त्यांच्याच नावाची.

हे लिहिण्याचं कारण असं की तेव्हाचे ते चौघं आणि त्यांच्या मागं उभं राहिलेलं गाव वेगवेगळ्या धर्मांचं, जातींचं आणि भाषांचं होतं, आणि त्या गर्दीत राबणारी माणसं जास्त होती. आत्ताच्या चर्चेत दुकानदार बोलले, गिऱ्हाईक बोललं. दुकानात राबणारं अजून कुणी बोललेलं नाही. असेल कुणी तर लिहावं.

उत्तरेकडून

पार्कचौक, तुमचं वाचून मला रेक्याविक आठवलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे राहत होतो. आइसलँडमध्ये ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी व्यापार-कर्मचाऱ्यांची सुट्टी असते. शनिवार-रविवार धरून तीन दिवस. अख्खं शहर तंबू, पावसाळी जॅकेटं आणि खाण्याचे डबे गाडीत भरून बाहेर पडतं. दक्षिणेकडच्या वेस्टमन बेटांवर तर त्या दिवसांत मोठा उत्सव भरतो, १८७४ सालापासूनचा. लाउगावेगुर हा तिथला मुख्य बाजाररस्ता, एरवी संध्याकाळी माणसांनी भरलेला. त्या दिवसांत तिथली माणसं त्यावर दिसत नाहीत. पर्यटक तेवढे फिरत असतात. हवा बारा-तेरा अंशांची, म्हणजे उन्हाचा काही संबंध नाही.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली होती. ही सुट्टी १८९४ साली सुरू झाली ती दुकानांत आणि पेढ्यांत काम करणाऱ्यांना एक दिवस मोकळा मिळावा म्हणून. पुढे ती सगळ्यांचीच झाली. आता तिथेही काही दुकानं त्या दिवशी उघडी असतात, आणि ज्यांच्यासाठी सुट्टी निघाली तेच काउंटरवर उभे, असं होतं. तरी मूळ विचार चांगला होता. रस्ता रिकामा असतो कारण रस्त्यावर राबणारी माणसं सुट्टीवर गेलेली असतात.

नवी पेठेत उलटं आहे. गिऱ्हाईक सुट्टीवर आणि दुकानातली माणसं कामावर.

काउंटर

भुईकोट साहेब बोलवलं म्हणून लिहितो. रोज वाचतो इथं, लिहीत नाय. मी नवी पेठेतच कापडाच्या दुकानात कामाला हाय. कुणाच्या ते विचारू नका.

सकाळी साडेनऊला दुकान उघडायचं. झाडलोट, देवाला उदबत्ती, बाहेर पुतळ्यांना ड्रेस घालायचे. दुपारी एक ते पाच गिऱ्हाईक नाय. म्हणजे काम नाय असं नाय. कपाटातल्या साड्या काढून घड्या बदलायच्या, कारण एकाच घडीवर राहिली की त्या रेघेवर कापड विरतंय. जरीला तर लवकर. ते सगळं उभ्यानं. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाय, रस्त्यावरनं जाणाऱ्याला दुकान सुस्त दिसतंय म्हणून. वरच्या माळ्यावर माल काढायला गेलं की पत्रा हाताला पोळतो. पंखा हाय, तो गादीवर. रात्री साडेनवाला शटर.

पार्कचौकताईनी लिहिलं रस्त्यावर माणूस दिसेना. ताई, माणूस होता. दुकानाच्या आत होता, दारापासून चार फुटावर, उभा.

मे महिन्यात माझी पोरं बी सुट्टीवर असतात. त्यांना मी रात्री दहाला भेटतो, झोपेत. बायको विड्या वळते, तिला हजार विड्यांचा हिशोब पुरा करायचा असतोय, ती बी पोरांना घेऊन कुठं जात नाय. पोरगी विचारती, गड्ड्यात नेलं तसं कुठंतरी न्या की. रविवारी दुकान चालू. आठवड्याची सुट्टी हाय कागदावर, पण घेतली की पगार कापतात.

पेठ रिकामी पडूलाली याचं मला बी वाईट वाटतंय. माझं पोट त्याच्यावर हाय. पण मे महिन्यात चार तास रिकाम्या रस्त्याकडं तोंड करून उभं राहायचं, हे कुणाच्या फायद्याचं हाय ते मला अजून कळलेलं नाय.

पार्कचौक

काउंटर दादा, तुमचं वाचल्यापासून माझा प्रश्नच वेगळा झाला आहे. दुपारी रस्ता रिकामा असणं हे दुखणं नाहीच. त्या वेळेला दुकान उघडं ठेवणं हे दुखणं आहे. या गावाच्या हवेला दुपारी झोपायचं आणि रात्री जागायचं हेच मानवतं, शेतावरची माणसं तेच करतात. आपण बाजाराच्या वेळा मात्र मुंबईच्या धरून बसलो.

कलमवाली

कायद्याचं काम करते, म्हणून थोडं.

जुना मुंबई दुकाने अधिनियम १९४८ चा. त्यात प्रत्येक दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं भाग होतं. म्हणून त्या काळात पेठा ठरलेल्या वारी पूर्ण बंद असायच्या. २०१७ चा नवा कायदा त्याच वर्षी १९ डिसेंबरला लागू झाला आणि दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायला मोकळीक मिळाली. दुकानाला सुट्टी सक्तीची राहिली नाही. कामगाराला मात्र राहिली. सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी, आणि त्या दिवशी काम करून घेतलं तर दुप्पट पगार. सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं २०१७ च्या मूळ कायद्यात होतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर धरून वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या.

मेख अशी की २०१७ च्या मूळ कायद्यातच यातलं बहुतेक दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना लागू केलं. पेठेतलं दुकान म्हणजे चार-सहा माणसं. त्यांनी नुसती माहिती ऑनलाइन कळवायची. म्हणजे पूर्वी पेठ बंद राहायची तेव्हा छोट्या दुकानातल्या माणसाला आपोआप सुट्टी मिळत होती. आता ती मालकाच्या मर्जीवर आली.

बसण्याबद्दल: केरळनं २०१८ साली दुकान-कामगारांना बसायची सोय देणं कायद्यात घातलं, तामिळनाडूनं २०२१ साली. दोन्हीकडे ही मागणी साडीच्या आणि सोन्याच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांमुळे पुढे आली. पायाच्या शिरा फुगणं, कंबर धरणं, लघवीला जायला लागू नये म्हणून पाणीच न पिणं. आपल्या पेठेतल्या मुलींना विचारून बघा, हेच सांगतील.

शेंगापोळी

पाणी न पिण्याचं खरं आहे. माझी भाची लेडीज वेअरच्या दुकानात होती. पेठेत बायकांसाठी धड स्वच्छतागृह कुठं आहे? गिऱ्हाईक बाईही त्यामुळे तासाभरात घरी पळते. ४३ अंशात पाणी न पिता दिवस काढायचा म्हणजे मुतखड्याला आमंत्रण.

लकीचौक

काउंटर, तुम्ही माझ्याकडे कामाला नाही हे मला घड्याळावरून कळलं. माझं शटर नऊला पडतं. पण बाकीचं बरंचसं माझ्या दुकानालाही लागू आहे, हे मी इथं सगळ्यांसमोर लिहितो.

दुपारी बंद का नाही ठेवत, तर भीती. शेजारचा उघडा आणि मी बंद, अशात एखादं बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं तर ते कायमचं तुटलं. अक्कलकोट, बार्शी, तुळजापूरहून एसटीनं आलेलं माणूस दुपारीच पोचतं, त्याला साडेपाचची गाडी पकडायची असते. एकट्यानं बंद ठेवून होत नाही. ओळीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं तर होतं.

मागावरून

मालक, रात्रीचं चालतंय का नाय ते बघायचं तर रमजानमध्ये विजापूर वेशीत जावा. मीना बाजार. रात्री बाराला बी पाय ठेवायला जागा नसती. कपडे, चपला, अत्तर, बांगड्या, खायचं. सगळ्या समाजाची माणसं येतात. गिऱ्हाईक तेच, गाव तेच. फक्त बाजार त्यांच्या वेळेला उघडा असतोय.

कलमवाली

आणि रात्री उघडं ठेवायला २०१७ च्या कायद्याची आडकाठी नाही. फक्त कामाचे एकूण तास वाढता कामा नयेत. रात्री साडेदहापर्यंत दुकान आणि सकाळी साडेनऊलाच हजर, असं झालं तर काउंटर दादांचं आणखी वाटोळं.

सावली

दुपार सोडून देऊ, पण साडेपाच ते साडेसात तरी वाचवता येईल. रेल्वे लाइन्सच्या बाजूला जुन्या झाडांखालून चालून बघा आणि मग लगेच पेठेत या. फरक अंगाला कळतो. पेठेत झाड लावायला जागा नाही हे मान्य, दोन्हीकडं दुकानं आणि मध्ये गाड्या. पण वरून कापड बांधता येतं. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात उन्हाळाभर बाजाराच्या अरुंद गल्ल्यांवर एका छतापासून दुसऱ्या छतापर्यंत पांढरी कापडं ताणलेली असतात. तिथलं ऊनही आपल्यासारखंच चाळिशीपार. अग्निशमनची गाडी जाईल एवढी उंची ठेवायची, दोरी सैल केली की कापड बाजूला सरकेल अशी बांधायची, वळवाच्या वाऱ्याआधी उतरवायची. कापडाचं गाव आहे आपलं. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेल जगभर जातात. स्वतःच्या बाजारावर धरायला दोनशे मीटर कापड या गावाला जड नाही.

हुतात्माएक्स्प्रेस

कापडाच्या खर्चाला पुण्यातले आम्ही आठ-दहा जण हातभार लावू. मनापासून सांगतो. कुणी पुढाकार घेत असेल तर कळवा.

भुईकोट

कापड बांधायला महापालिकेची आणि वीज कंपनीची परवानगी लागेल, वरून तारा गेल्यात. या मे महिन्यात होणार नाही. पण वेळा बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.

लकीचौक

काल ओळीतल्या दुकानदारांशी बोललो. सात जणांपैकी चार तयार झाले. दोघं म्हणाले बघू. एक जण म्हणाले, दुपारी एसी लावून बसलोय, तू बंद कर, तुझं गिऱ्हाईक मला येऊ दे. ते त्यांचं बरोबर आहे त्यांच्या जागी.

आम्ही चौघांनी ठरवलंय: शाळा सुरू होईपर्यंत दुपारी एक ते साडेचार बंद. सकाळी नऊला उघडायचं, रात्री साडेनऊला शटर. बाहेरगावचं गिऱ्हाईक दुपारी आलं तर पाटीवर मोबाईल नंबर, फोन केला की अर्धं शटर वर करून देऊ. त्यासाठी मी थांबेन, कामगार नाही. आणि काउंटरमागं चार स्टुलं आणलीत. आजपासून बसतात.

काउंटर

चांगलं केलं मालक. एक बोलू का? साडेतीन तास तुमची माणसं जाणार कुठं? माझ्यासारखा कुंभारीकडं राहणारा घरी जाऊन येऊच शकत नाय. भर उन्हात जायचं, यायचं, रिक्षाचे पैसे वेगळे. मग तो पार्कावर नायतर स्टँडवर बसून राहील. सुट्टी दिली आणि सावली नाय दिली तर उपयोग नाय.

लकीचौक

माळ्यावर सतरंजी टाकून देतो म्हटलं होतं त्यांना.

काउंटर

माळ्यावर नको. पत्रा हाय वर. खाली गादीवर झोपू द्या, पंखा तिथंच हाय.

लकीचौक

बरोबर आहे. गादीवरच. मुलींसाठी आतली ट्रायल रूमची बाजू पडदा लावून देतो, तिकडंही एक पंखा बसवतो. संडास-बाथरूमची किल्ली आता गल्ल्यात ठेवत नाही, खिळ्याला अडकवलीय.

शेंगापोळी

पाण्याचा माठही ठेवा, बाहेर. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही होईल.

पार्कचौक

मी गुरुवारपर्यंत इथे आहे. आईला आणि दोन्ही मावश्यांना घेऊन रात्री आठनंतर येते, तुमच्या ओळीत चारही दुकानांत. जूनची खरेदी आत्ताच करून टाकू. इथले जे सोलापुरात आहेत त्यांनीही रात्रीच जावं, म्हणजे उरलेल्या तिघांना दिसेल.

मागावरून

पाटी कसली लावलीय मालक?

लकीचौक

रंगवायला टाकलीय. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हीत.

मागावरून

उर्दूत बी घ्या. विजापूर वेशीतलं गिऱ्हाईक रात्रीचंच येतंय, त्याला आधी कळू दे.